कंपायलर लिहून झाला. तो सांभाळणं वेगळं का असतं?

प्रश्न थोडक्यात असा: एका विद्यार्थिनीने स्वतः एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहिला आहे. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग), टाइप तपासणी, असेंब्लीपर्यंतचं कोड जनरेशन, सगळं चालतं. आता तिला जीसीसी किंवा एलएलव्हीएमसारख्या ओपन सोर्स कंपायलरवर काम करायचं आहे. तिथे तांत्रिकदृष्ट्या नेमकं अवघड काय असतं आणि सुरुवात कुठून करावी, हे तिने विचारलं आहे.

तुमच्या कंपायलरमध्ये एक गोष्ट अशी होती जी मोठ्या प्रकल्पात कधीच मिळत नाही: सगळी गृहीतकं एकाच डोक्यात होती. या टप्प्यापर्यंत प्रत्येक व्हेरिएबलला टाइप मिळालेला असतो, या यादीत एकच नोंद दोनदा येत नाही, हे फंक्शन नेहमी बेरजेनंतरच बोलावलं जातं. हे कुठे लिहून ठेवायची तुम्हाला गरज पडली नाही, कारण विसरायला दुसरं कुणी नव्हतंच. जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ सालची. एलएलव्हीएमचं काम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं. ज्यांनी सुरुवातीची गृहीतकं धरली त्यांतले कितीतरी जण केव्हाच दुसऱ्या कामांना लागले. गृहीतकं मात्र कोडमध्ये जशीच्या तशी आहेत. मी बारा वर्षं ऑप्टिमायझरवर, म्हणजे निघणारा कोड जलद करणाऱ्या भागावर, काम करतोय. या काळात ज्या बगांनी मला खरोखर रडवलं, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रकार निघाला: कंपायलरच्या दोन भागांमध्ये, किंवा कंपायलर आणि प्रोग्रामरमध्ये एक करार होता, आणि तो कुणी लिहूनच ठेवला नव्हता.

पार्सिंगबद्दल फार बोलत नाही. ते बऱ्यापैकी सुटलेलं आहे. सी प्लस प्लसचं व्याकरण हा अपवाद, तिथे नाव टाइपचं आहे की व्हेरिएबलचं हे कळल्याशिवाय वाक्याचा अर्थच लागत नाही. फ्रंटएंडमध्ये, म्हणजे सोर्स वाचणाऱ्या पुढच्या भागात, खरं कसब लागतं ते चुका समजावून सांगण्याला. २००७ साली क्लँग (एलएलव्हीएमवर उभा असलेला सी-सी प्लस प्लसचा कंपायलर) खुला झाला तेव्हा त्याच्या एरर मेसेजमधली स्पष्टता पाहून लोक तिकडे वळले, आणि पुढे जीसीसीनेही तो भाग खूप सुधारला. तुम्हाला त्याची आवड असेल तर जरूर तिथे काम करा. वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्याच कामाचा होतो.

अवघड भाग सुरू होतो मध्यावर. एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते नीट समजलं की बाकीचं अर्धं आपोआप समजतं.

एलएलव्हीएम सोर्स आणि असेंब्लीच्या मध्ये जी मधली भाषा वापरतो, तिच्यात ‘पॉइझन’ नावाची एक कल्पना आहे. चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) संख्यांच्या बेरजेत ओव्हरफ्लो झाला, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत मावलं नाही, आणि फ्रंटएंडने तो होणार नाही अशी हमी दिलेली असली, तर त्या बेरजेचं उत्तर पॉइझन. प्रोग्राम लगेच बेकायदा ठरत नाही. ते उत्तर कुणी वापरलंच नाही तर काहीच बिघडत नाही. ही सोय मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे बेरीज लूपच्या आतून बाहेर हलवता येते. प्रश्न असा की पॉइझन किमतीवर अट तपासली तर काय होतं? वर्षानुवर्षं याचं एकच अधिकृत उत्तर नव्हतं, आणि दोन ऑप्टिमायझेशन्सनी दोन वेगळी उत्तरं धरली होती.

पहिलं लूप अनस्विचिंग. लूपच्या आत एक अट आहे, जिची किंमत लूपभर बदलत नाही. मग प्रत्येक फेरीत ती कशाला तपासायची? अट बाहेर काढा आणि लूपच्या दोन प्रती करा. पण मूळ लूप शून्य वेळा फिरणार असेल तर ती अट मुळात तपासलीच गेली नसती. आता ती तपासली जाते. म्हणून हे ऑप्टिमायझेशन बरोबर ठरायचं असेल, तर पॉइझनवर अट तपासणं निरुपद्रवी असायला हवं: कुठल्या तरी एका फांदीवर जायचं, बस.

दुसरं ग्लोबल व्हॅल्यू नंबरिंग. ‘क्ष आणि य समान असतील तर’ अशी अट असेल, तर आतल्या फांदीत क्षच्या जागी य वापरायला हरकत नाही, असं ते म्हणतं. पण य पॉइझन असेल तर? मूळ प्रोग्राममध्ये आत धडधाकट क्ष वापरला जात होता, आता पॉइझन वापरलं जातं. हे बरोबर ठरायचं असेल, तर पॉइझनवर अट तपासणं हाच मुळात गुन्हा असायला हवा.

दोघंही आपापल्या जागी बरोबर, एकत्र आले की चूक. आणि हे दोन्ही पास (ऑप्टिमायझरचे टप्पे) रोज जगभरच्या कोडवर एकामागोमाग चालत होते. २०१७ साली या विसंगतीवर एक सविस्तर शोधनिबंध आला, आणि २०२०च्या एलएलव्हीएम १०मध्ये ‘फ्रीझ’ नावाची नवी सूचना (इन्स्ट्रक्शन) आली. ती पॉइझनला कुठल्या तरी एका ठरलेल्या किमतीत गोठवते. पॉइझनवर अट तपासणं बेकायदा ठरलं, आणि अनस्विचिंगने बाहेर काढलेली अट गरज असेल तिथे आधी गोठवायची, असं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. पण नवी सूचना आली की आधीच्या शेकडो नियमांपैकी प्रत्येकाला ती ओळखीची करून द्यावी लागते. फ्रीझ मध्ये आल्यामुळे नेहमीचा नमुना जुळत नाही, ऑप्टिमायझेशन हुकतं, कुणाचा तरी प्रोग्राम मंदावतो, आणि तक्रार येते. ते निस्तरण्यातच पुढे बराच काळ गेला. म्हणून ‘एक सूचना वाढवली की झालं’ असं कुणी म्हणालं, की मला त्यामागचा सगळा पसारा डोळ्यांसमोर दिसतो.

हाच करार भाषेच्या पातळीवरही मोडतो. सी प्लस प्लस २०११च्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीत, कंपायलरला एक मुभा होती: ज्या लूपमधून बाहेर काहीच परिणाम होत नाही, तो कधीतरी संपतो असं धरून चाला. एलएलव्हीएम मुळात सी आणि सी प्लस प्लससाठी वाढला, त्यामुळे हे गृहीतक ऑप्टिमायझरच्या हाडीमांसी खिळलं. मग रस्ट ही भाषा आली. रस्टमध्ये रिकामा अनंत लूप पूर्ण कायदेशीर आहे. एलएलव्हीएम तो पुसून टाकायचा, आणि सुरक्षित म्हणून लिहिलेला प्रोग्राम भलतीकडेच जायचा. योग्य उपाय २०२१च्या एलएलव्हीएम १२मध्ये आला. आता ‘हा लूप पुढे सरकतोच’ ही हमी फ्रंटएंडने स्पष्ट लिहून द्यायची, ऑप्टिमायझरने स्वतःहून धरायची नाही.

रस्टचीच आणखी एक गोष्ट. बदलता येणारा रेफरन्स दुसऱ्या कशाशीही जागा वाटून घेत नाही, ही हमी त्या भाषेत जवळजवळ प्रत्येक फंक्शनमध्ये मिळते. ती एलएलव्हीएमला कळवायची सोय आधीपासून होती, पण सीमध्ये तिचा वापर क्वचित व्हायचा, तोही हाताने लिहून. म्हणजे तो रस्ता होता, पण त्यावरून रहदारी नव्हती. रस्टने रहदारी सुरू केल्यावर खड्डे दिसायला लागले. हे ऑप्टिमायझेशन चालू करायचं, चुकीचा कोड निघाला की बंद करायचं, बग दुरुस्त झाला की पुन्हा चालू करायचं, असं एकापेक्षा जास्त वेळा झालं. २०२१मध्ये रस्ट १.५४मध्ये ते पुन्हा चालू झालं. यातून मी घेतलेला धडा साधा आहे. कोडला टेस्ट आहेत याचा अर्थ तो वापरून सिद्ध झाला आहे असा होत नाही. वापर बदलला की वीस वर्षं जुना कोडही नव्याने तपासावा लागतो.

आता प्रोग्रामरबरोबरचा करार. सीमध्ये चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो अव्याख्यित आहे, म्हणजे तो झाल्यावर काय व्हावं हे प्रमाणाने ठरवलेलंच नाही, म्हणून ‘क्ष अधिक १ हे क्षपेक्षा मोठं आहे का’ या तपासणीला कंपायलर सरळ ‘हो’ म्हणून टाकतो आणि ती तपासणी उडवतो. ज्याने ती ओव्हरफ्लो पकडायलाच लिहिली होती त्याचं संरक्षण गेलं. २००९ साली लिनक्स कर्नलच्या टन (TUN) नावाच्या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये असंच झालं. पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल (कुठेच न दाखवणारा) आहे का हे नंतर तपासलं होतं. वापरला म्हणजे नल असणार नाही, असा निष्कर्ष काढून जीसीसीने पुढची तपासणी काढून टाकली, आणि त्यातून सुरक्षेचं भगदाड पडलं. तेव्हापासून कर्नल अशा तपासण्या काढू नका असं कंपायलरला स्पष्ट सांगूनच बांधला जातो.

यावर आमच्यात नेहमी दोन मतं पडतात. ‘प्रमाणात परवानगी आहे, चूक प्रोग्रामरची’ हे पहिलं. मी स्वतः पहिली काही वर्षं हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. प्रमाणाने दिलेली मुभा वापरायची असेल तर तिची किंमत कोण चुकवणार हेही आपणच पाहायचं असतं. नवं ऑप्टिमायझेशन अव्याख्यित वर्तनाचा फायदा उठवणार असेल, तर सोबत ते बंद करायचा पर्याय हवा, शक्य असेल तिथे वॉर्निंग हवी, आणि चालू प्रोग्राममध्ये ती चूक पकडणारा सॅनिटायझरही हवा. एवढं केल्यावर मात्र ऑप्टिमायझेशन करायला मी कचरत नाही, कारण त्याच मुभेवर लूपमधले इंडेक्स ६४ बिटांत नेता येतात, आणि तो फायदा खरा असतो.

करार जुना असेल तर तो बदलणं किती जड जातं, हे पाहायचं असेल तर जीसीसी १४ पाहा. आधी जाहीर न केलेलं फंक्शन सीमध्ये पूर्वी बोलावता यायचं. कंपायलर ते पूर्णांक परत करतं असं धरायचा. ६४ बिट यंत्रावर ते फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर परत करत असेल, तर वरचे ३२ बिट गळून जातात. १९९९च्या प्रमाणाने ही सवलत काढून टाकली. जीसीसीने ती चूक, वेगळं काही न सांगता, एरर म्हणून धरायला सुरुवात केली २०२४मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं. याला आळस म्हणता येणार नाही.

अडचण होती कॉन्फिगर स्क्रिप्टची. जुनी पॅकेजेस बांधण्याआधी छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहतात. कंपाइल झालं तर ‘ही सोय या यंत्रावर आहे’, नाही झालं तर ‘नाही’. त्या छोट्या प्रोग्राममध्येच एखादं फंक्शन जाहीर न करता वापरलेलं असेल, तर नव्या कंपायलरवर तो पडतो, स्क्रिप्ट शांतपणे ‘सोय नाही’ अशी नोंद करते, आणि पॅकेज व्यवस्थित बांधलं जातं. फक्त त्यातली एक क्षमता गायब. कुठेही एरर नाही, टेस्टही कदाचित पास. म्हणून लिनक्सची वितरणं सांभाळणाऱ्या लोकांना आधी अख्खा पॅकेजसंच नव्या नियमाने बांधून, जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहाव्या लागल्या आणि शेकडो दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे पाठवाव्या लागल्या. कंपायलरमधला बदल चार ओळींचा असू शकतो. त्याच्या आजूबाजूचं काम वर्षांचं असतं, आणि ते करणाऱ्यांची नावं फारशी कुणाला कळत नाहीत.

एबीआय, म्हणजे आधीच कंपाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांशी कसं जुळायचं हा करार, त्याची गत तशीच, तिथे थोडक्यात सांगतो. सी प्लस प्लस २०११ने स्ट्रिंगची अशी अंतर्गत रचना बंद केली जिच्यात प्रती एकच जागा वाटून घेत. जीसीसीने २०१५मध्ये आवृत्ती ५मध्ये नवी रचना आणली, पण जुन्या लायब्ररी मोडू नयेत म्हणून दोन्ही रचना शेजारी शेजारी ठेवल्या. आजही जुनी-नवी लायब्ररी एकत्र जोडताना लिंकर ‘हे नाव सापडत नाही’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

बग शोधण्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो.

कंपायलर कोसळला तर बरं, निदान कुठे कोसळला ते कळतं. चुकीचा कोड निघाला की तो दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये, दुसऱ्याच दिवशी उघडकीला येतो. तक्रार अशी असते: ‘आमचा पाच लाख ओळींचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चुकीचं उत्तर देतो.’ आधी ठरवायचं की चूक त्यांची की आपली, आणि बरेचदा त्यांच्या कोडमध्ये लपलेलं अव्याख्यित वर्तन निघतं. ते नसेल तर दोन दिशांनी चिमटा आवळायचा. एकीकडे गिट बायसेक्टने कुठल्या कमिटपासून बिघडलं ते शोधायचं. दुसरीकडे ऑप्टिमायझरला पहिले इतकेच पास चालव असं सांगत, नेमक्या कुठल्या पासने कोड बिघडवला तिथवर पोहोचायचं. मग सी-रिड्यूससारखं साधन लावून प्रोग्राम दहा-बारा ओळींवर आणायचा. एक सावधगिरी मात्र सांगतो: सापडलेला कमिट अनेकदा निर्दोष असतो. त्याने फक्त कोडचा आकार थोडा बदललेला असतो आणि दुसरीकडे दहा वर्षं झोपलेला बग जागा झालेला असतो. नवख्या माणसाचा पॅच घाईने मागे घेतल्यावर हे कळलं की वाईट वाटतं.

माझा एक अनुभव. जीसीसीची एक जुनी, फार चांगली पद्धत आहे: यंत्रावरच्या कंपायलरने पहिला टप्पा बांधायचा, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइल्स बाइट न बाइट ताडून पाहायच्या. आमच्या प्रकल्पातही तशीच तपासणी होती. एके दिवशी ती एका यंत्रावर नापास झाली. पुन्हा चालवली, पास. पाच वेळा पास, सहाव्यांदा नापास. निघालेला कोड दोन्ही वेळा बरोबर होता, फक्त वेगळा होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते तीन आठवडे कळेना. शेवटी सापडलं ते असं: दोन मूल्यांमधून एक निवडताना दोन्ही सारखीच फायद्याची असतील तर हॅश टेबलमध्ये आधी येईल ते घ्यायचं, असा नियम होता. टेबलची किल्ली होती पॉइंटर. म्हणजे मेमरीतला पत्ता. ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षेसाठी दर वेळी पत्ते बदलते, त्यामुळे फिरण्याचा क्रम बदलायचा, निवड बदलायची, कोड बदलायचा. दुरुस्ती एका ओळीची: घातलेल्या क्रमाने फिरणारा टेबल वापरा. त्यानंतर मी रिव्ह्यू करताना पॉइंटरच्या टेबलावर फिरणारा लूप दिसला की तिथेच थांबतो. एलएलव्हीएममध्ये तर असे टेबल मुद्दाम उलट्या क्रमाने फिरवून पाहणारा बिल्ड आहे, तो अशा चुका लवकर पकडतो.

एकाच सोर्समधून दर वेळी तीच बायनरी निघणं हे फक्त नीटनेटकेपणासाठी नसतं. १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात केन थॉम्प्सन यांनी दाखवून दिलं होतं की कंपायलरमध्ये दडवलेला चोरदरवाजा सोर्समध्ये एकही खूण न ठेवता पुढच्या प्रत्येक आवृत्तीत उतरत राहू शकतो, कारण कंपायलर स्वतःलाच बांधतो. त्यावर डेव्हिड व्हीलर यांनी मांडलेला उपाय म्हणजे दुसऱ्याच, स्वतंत्र कंपायलरने तोच सोर्स बांधायचा, त्यातून निघालेल्या कंपायलरने पुन्हा बांधायचा, आणि निकाल ताडायचा. हे शक्य व्हायला बायनरी दर वेळी तंतोतंत तीच निघायला हवी. माझा तो तीन आठवड्यांचा बग याच्या थेट आड येणारा होता. स्वतःलाच बांधणाऱ्या कंपायलरचा आणखी एक भार म्हणजे मागची साखळी. गो या भाषेचा कंपायलर २०१५मध्ये आवृत्ती १.५ला सीमधून गोमध्ये आला. त्यानंतर शून्यापासून बांधायचं तर १.४चा आधार बराच काळ लागत राहिला. रस्टची प्रत्येक आवृत्ती तिच्या आधीच्या आवृत्तीने बांधली जाते. नव्या प्रोसेसरवर भाषा न्यायची असेल तेव्हा ही साखळी आधी आठवते.

टेस्टबद्दल. हाताने लिहिलेल्या टेस्ट आपल्याला सुचलेल्या चुका पकडतात. न सुचलेल्या चुकांसाठी यादृच्छिक प्रोग्राम तयार करावे लागतात. युटा विद्यापीठातल्या जॉन रेगेहर आणि सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाचं साधन केलं. २०११च्या त्यांच्या शोधनिबंधापर्यंत त्यांनी सीच्या वेगवेगळ्या कंपायलर्समधले ३२५हून जास्त बग कळवले होते. त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली नोंद कॉम्पसर्टबद्दलची आहे. झेव्हियर लेरॉय यांच्या गटाने हा कंपायलर गणिती सिद्धतेसह लिहिला आहे. त्याच्या ज्या भागांना सिद्धता नव्हती तिथे सीस्मिथला चुका सापडल्या. सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचा कोड मिळाला नाही.

जीसीसी-एलएलव्हीएमएवढा कोड तसा सिद्ध करणं आज शक्य नाही. पण मधला मार्ग निघाला आहे: एलाइव्ह२ हे साधन ऑप्टिमायझेशनच्या आधीचा आणि नंतरचा कोड घेतं आणि दुसरा पहिल्याशी प्रामाणिक आहे का हे सॉल्व्हर (तार्किक अटी सोडवणारा प्रोग्राम) लावून तपासतं. लूपच्या बाबतीत मर्यादित फेऱ्यांपुरतंच, पण छोट्या नियमांसाठी पुरेसं. आजकाल एलएलव्हीएममध्ये सूचना जोडण्या-सोप्या करण्याचा नवा नियम पाठवलात तर रिव्ह्यू करणारे एलाइव्ह२ची तपासणी सोबत मागतात. माझ्या मते या क्षेत्रात गेल्या दहा वर्षांत झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे. पूर्वी ‘हे बरोबर आहे का’ यावर दोन अनुभवी माणसं आठवडाभर वाद घालायची.

वेग मोजणं हाही स्वतंत्र विषय आहे. प्रोग्रामचा वेग आणि कंपायलरचा स्वतःचा वेग, दोन्हीकडे पाहावं लागतं. एका पॅचने कंपाइलचा वेळ अर्धा टक्का वाढवला तर कुणाला जाणवत नाही. वर्षभरात असे वीस पॅच आले की सगळ्यांना जाणवतं, आणि तेव्हा कुठल्या एकावर बोट ठेवता येत नाही. घड्याळाने मोजलं तर यंत्राच्या चढउतारात अर्धा टक्का बुडून जातो, म्हणून प्रत्येक कमिटला प्रोसेसरने चालवलेल्या सूचनांची संख्या मोजतात. ती बरीच स्थिर असते. निघालेल्या कोडच्या वेगाबाबत मात्र ती फसवी ठरते, कारण कमी सूचना म्हणजे जलद कोड असं नसतं. फंक्शन इनलाइन करायची मर्यादा थोडी वाढवली की एक बेंचमार्क सुधारतो, दुसरा घसरतो. कधी कधी फरक फक्त लूप कुठल्या पत्त्यावर सुरू झाला एवढ्यावरून पडलेला असतो. तीन प्रोसेसरांवर, पुन्हा पुन्हा मोजलेले आकडे नसतील तर मी असा पॅच घेत नाही. पॅच पाठवणाऱ्याने महिना घातलेला असतो, त्यामुळे नकार देताना जड जातं, तरीही.

मोठ्या दुरुस्त्या चालू गाडीतच कराव्या लागतात. एलएलव्हीएममध्ये पूर्वी पॉइंटरला ‘कशाचा पॉइंटर’ हा टाइप चिकटलेला असायचा. त्याचा ऑप्टिमायझरला उपयोग नव्हता, उलट विनाकारण रूपांतरणं भरायची. टाइप काढून टाकायचं काम २०१५च्या सुमारास हाती घेतलं. टाइप नसलेले पॉइंटर, वेगळं न सांगता, चालू झाले २०२२च्या आवृत्ती १५मध्ये, आणि जुने पूर्णपणे निघाले २०२३च्या आवृत्ती १७मध्ये. इतकी वर्षं का? कारण मुख्य शाखेवर रोज शंभराच्या घरात बदल येतात, आणि बाजूला शाखा काढून बसलात तर परत जुळवणं अशक्य होतं. प्रत्येक पाऊल असं टाकावं लागतं की त्यानंतरही सगळ्या टेस्ट पास राहतील. शिवाय एलएलव्हीएम आपल्या सी प्लस प्लस इंटरफेसच्या स्थिरतेची हमी देत नाही, त्यामुळे त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक भाषेला आपापला कोड सोबत बदलत न्यावा लागला.

आणि प्रोसेसर. प्रत्येक नवा बॅकएंड (एखाद्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा शेवटचा भाग) म्हणजे कायमची जबाबदारी. तो लिहिणारी माणसं उत्साहात असतात, पाच वर्षांनी त्यांतलं कोण उरेल हा प्रश्न असतो. तुमचा पॅच तुमच्या यंत्रावर सगळ्या टेस्ट पास करतो, आणि दुसऱ्या दिवशी बाइटचा क्रम उलटा असलेल्या एखाद्या यंत्रावर आपोआप टेस्ट चालवणारा बॉट लाल होतो. ते यंत्र तुमच्याकडे नाही. क्यूएमू इम्युलेटरवर चालवून पाहता येतं, पण सावकाश. म्हणून नियम असा की बिल्ड मोडला आणि लगेच दुरुस्ती दिसत नसेल तर पॅच मागे घ्यायचा, नीट करून पुन्हा पाठवायचा. पहिल्यांदा माझा पॅच असा मागे घेतला गेला तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. नंतर माझ्या लक्षात आलं की ज्यांनी तो मागे घेतला त्यांनीच न मोडता कसा पाठवायचा तेही पूर्ण लिहून दिलं होतं.

आता सुरुवात कुठून करायची. नवा ऑप्टिमायझेशन पास लिहून येऊ नका. रिव्ह्यू करणाऱ्यांचा वेळ ही सगळ्यात तुटपुंजी गोष्ट आहे, आणि दोन हजार ओळींचा अनोळखी पॅच महिनोन्‌महिने पडून राहतो. त्याऐवजी बगांच्या यादीत जा आणि लांबलचक उदाहरणं जोडलेल्या तक्रारी निवडा. त्या लहान करून द्या, कुठल्या कमिटपासून आणि कुठल्या पासमध्ये बिघडतं ते लिहा. महिनाभर एवढंच केलंत तरी कंपायलरचा नकाशा डोक्यात बसतो, आणि मेंटेनरना तुमचं नाव माहीत होतं. त्यानंतर एक हुकलेलं छोटं ऑप्टिमायझेशन घ्या. त्याची टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये आधी पाठवा, तिच्यात आजचं उत्तर असू द्या. पुढच्या कमिटमध्ये बदल करा, म्हणजे टेस्टच्या फरकातूनच काय बदललं ते दिसेल. नियम कधी लागू होऊ नये याच्याही टेस्ट घाला: पॉइझन, ओव्हरफ्लो, व्हेक्टर टाइप, आणि मधलं मूल्य आणखी कुठे वापरलं जात असेल तर. नियम बरोबर असल्याची तपासणी एलाइव्ह२मधून काढून सोबत जोडा. आणि एखादं गृहीतक धरून नियम लिहिला असेल तर ते गृहीतक कोडमध्ये असर्ट (ते खोटं ठरलं तर प्रोग्राम थांबवणारी ओळ) म्हणून लिहा, शेजारी का धरलं याची दोन वाक्यं टाका. दहा वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्या माणसाला तुम्हाला विचारता येणार नाही.